हवा एक्याण्णव, पाणी चौतीस

मेहुणेबुवांना, त्यांच्या दुखऱ्या डाव्या गुडघ्यासह, नमस्कार.

गुडघा आता फक्त जिना उतरताना कुरकुरतो की चढतानाही, ते उलट टपाली कळवावे. वहिनींना सांगावे, की त्यांनी विणलेला स्वेटर मला अजून होतो असं माझं मत आहे. स्वेटरचं मत वेगळं दिसतं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (‘ठीक’ या शब्दाचा मी गेले पंधरा दिवस बारकाईने अभ्यास करतो आहे. त्याबद्दल पुढे.)

प्रथम तक्रार, आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो आहे. आपण कृपावंत होऊन गाडी तपासायचा जो स्कॅनर पाठवलात, त्याच्यासोबतच्या माहितीपुस्तिकेचं अक्षर असं आहे, की एका मुंगीनं लिहावं आणि दुसऱ्या मुंगीनं चष्मा लावून वाचावं. बरं, वाचलं तर काय हाती लागतं? पहिली नऊ पानं नुसते निषेध. यंत्र पाण्यात बुडवू नये. आगीत टाकू नये. बाळाच्या हाती देऊ नये. चावू नये. मी सव्वीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं. आमचे शास्त्रकार माणसाला निदान आधी काय करावं ते सांगतात आणि मग काय करू नये त्याकडे वळतात. इथे मुळात काय करायचं हे कळायच्या आतच नऊ पानं धाक. परिणाम असा, की ते यंत्र चावून पाहावं ही इच्छा, जी मला जन्मात झाली नव्हती, ती चौथ्या पानावर उत्पन्न झाली. आपण शहाणे आहात, निवृत्त इंजिनिअर आहात, आपल्याला पुस्तिका लागत नाही. पण भेट देताना घेणाऱ्याच्या डोळ्यांचा नंबर विचारायची पद्धत असावी.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागलो की तुमची बहीण शेजारी बसून माझ्या वाक्यांत दुरुस्त्या सुचवते. (ती चांगलं काही करते तेव्हा ती आमची असते. दुरुस्त्या करते तेव्हा तुमची.) शिवाय गणिताची शिक्षिका असल्यामुळे तिला गोष्टीत फक्त उत्तर हवं असतं. मला रीत दाखवायला आवडते, आणि या प्रकरणात खरी मौज, खरं तर खरं आश्चर्य, रीतीतच आहे. म्हणून पत्र.

तर गाडी. तुम्हाला मी फोनवर म्हणालोच होतो, की तिला पेट्रोलचा वास येतो, चढावर ती उसासे टाकते आणि मागून काळा धूर सोडते. यावर आपण ‘स्कॅनर पाठवतो, काय ते आकडे सांगतील’ असं म्हणून फोन ठेवलात. आकड्यांची घाई मलाही होती. येत्या गुरुवारी आम्हाला त्याच गाडीने शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं आहे, दोन तासांची वाट, त्यातला एक तास चढ. (आम्ही दोघांनी पंधरा-सोळा दिवसांपूर्वी हौसेने रक्त तपासून घेतलं. माझे सगळे आकडे उत्तम आले. हिचा एक आकडा जरा वेंधळा आला आहे, तो परत मोजायचा आहे. हे तुम्हाला कळवू नये अशी तिची आज्ञा आहे. मी ती पाळतो आहे; हे पत्र गाडीबद्दल आहे.)

काडेपेटीएवढी ती काळी डबी. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या अंधारात एक कोनाडा असतो, तिथे ती खोचायची. मला तो कोनाडा सापडायला पंचवीस मिनिटं लागली, आणि त्या काळात माझे पाय गाडीच्या बाहेर होते. जाणाऱ्या-येणाऱ्या दोघा-तिघांनी काळजीने चौकशी केली. पण डबी बसली, आणि मग फोनच्या पडद्यावर जे उमटलं ते पाहून मी खरंच गप्प झालो. (तुमची बहीण याला साक्षीदार आहे. तिने वेळ लावली होती. दोन मिनिटं.) अकरा वर्षं मी या गाडीत बसतो. तिला पोटात काही वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि इथे ती सेकंदासेकंदाला सांगत होती, की माझं पाणी इतकं तापलंय, मी ओढतेय ती हवा इतकी गरम आहे, माझे फेरे इतके. अकरा वर्षं ही बडबड चालू असणार आणि ऐकायला कुणी नाही. एखाद्या शांत माणसाची रोजनिशी हाती लागावी, तसं झालं.

पहिल्या सकाळी इंजिन गार असताना पाहिलं, तर पाणी सत्तावीस, हवा सत्तावीस. बाहेरही साधारण तितकंच होतं. मी गाडी निर्दोष असल्याचा निकाल देऊन टाकला. मग बाजाराला एक फेरी मारून आलो आणि पडद्याकडे पाहिलं. इंजिनातलं पाणी चौतीस अंश. बाहेरून येणारी हवा एक्याण्णव.

आता माझ्या शास्त्रात ज्ञान मिळवायचे मार्ग ठरलेले आहेत. पहिलं प्रत्यक्ष. मी हात खिडकीबाहेर काढला. तो शिजला नाही. दुसरं अनुमान. एक्याण्णव अंशांच्या हवेत झाडं उभी राहिली नसती, समोरचा माणूस सायकलवरून शिट्टी वाजवत गेला नसता. तिसरं शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. विश्वासू माणूस म्हणजे तुम्ही, आणि तुम्हीच हे यंत्र पाठवलेलं. इथे मी अडकलो. प्रत्यक्ष म्हणतं खोटं, आणि मेहुणे म्हणतात खरं. संसारी माणूस अशा वेळी कुणाचं ऐकतो हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा मी खिडकी वर केली.

तीन दिवस मी ते आकडे पाहत होतो. डबी काढून परत बसवली, फुंकर मारली, फोन बंद करून चालू केला, गाडी सावलीत लावली, उन्हात लावली. पाणी चौतीसच्या आसपास, हवा नव्वदच्या वर. डॅशबोर्डवरचा उष्णतेचा काटा तर तळाशी पाय पसरून बसलेला. त्याचा मला उलट अभिमान वाटत होता: गाडी थंड डोक्याची आहे म्हणून. तुमच्या बहिणीचं यावरचं भाष्य एवढंच, की हवा खरंच एक्याण्णव असती तर आधी मी उकडून निघालो असतो, पण जीभ शेवटपर्यंत चालू राहिली असती. शेवटी तीच म्हणाली, “आकडा कळत नसेल तर ज्याला कळतो त्याला दाखवावा. आपण गुरुवारी तेच करणार आहोत ना?” आणि पर्स घेऊन गाडीत जाऊन बसली.

गॅरेज चालवतात त्या बाई पंचेचाळिशीच्या आहेत, वडिलांच्या पश्चात त्याच बघतात. जागा तुम्हाला आवडेल. उताराची सिमेंटची फरशी, मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा, आणि एका भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्याचीच काळी आकृती रंगवलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तरी कोण गेलाय ते सावली सांगते. मी त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिलो. एक जागा रिकामी होती आणि सगळं लक्ष तिच्याकडेच जात होतं.

मी बाईंना सगळी हकीकत सांगितली. (प्रस्तावना जरा लांबली. त्यांनी मध्ये एका गाडीचं चाक बदललं.) आकडे पाहून त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. मी म्हणालो, सेन्सर खोटं बोलतोय. त्या म्हणाल्या, “सर, हे बिचारे खोटं नाही बोलत. त्यांना येतच नाही. एखादा बिघडतो, एखाद्याची तार तुटते. पण हे आकडे बिघडलेल्याचे वाटत नाहीत. चांगले हळूहळू चढतायत.” मग बॉनेटच्या आत वाकून, माझ्याकडे न बघता, “हल्लीच कुणी आत हात घातला होता का?”

मी नाही म्हणालो. मेहुणेबुवा, हे शास्त्राच्या दृष्टीने खरं होतं. हात मी घातला नव्हता. ब्रश घातला होता.

यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही, म्हणून सावकाश सांगतो. बाईंनी मला गाडीत बसवून फोन हातात दिला. इंजिन चालू. त्या म्हणाल्या, मी हवेच्या सेन्सरची तार काढते, तुम्ही आकडे मोठ्यानं वाचा. माझी अपेक्षा अशी, की हवेचा आकडा नाहीसा होईल. खट् असा आवाज आला. हवा जागच्या जागी, एक्याण्णव. आणि चौतीसवर असलेलं पाणी एकदम उणे चाळीस.

मी वाचलं. बाई म्हणाल्या, “परत वाचा.” मी परत वाचलं. पाणी उणे चाळीस. समोर इंजिन तापून धगधगतंय, बाई त्यावर हात ठेवत नाहीत इतकं, आणि पडद्यावर त्याच इंजिनाच्या पोटात बर्फसुद्धा लाजेल अशी थंडी. मी विचारलं, हे कुठून आलं? त्यांनी सांगितलं ते मला इतकं भव्य वाटलं, की मी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. सेन्सरची तार सुटली, की तो काहीच सांगू शकत नाही. पण गाडीला ‘काहीच नाही’ ऐकू येत नाही. ज्याच्याकडून काही येत नाही, त्याच्या नावावर ती आपल्या मोजपट्टीचं अगदी शेवटचं टोक मांडते, उणे चाळीस. “उणे चाळीस दिसलं की थंडी नाही समजायची, सर. तार समजायची.” अमुक वस्तू दिसत नाही, यावरूनही एक ज्ञान होतं, अशी एक चर्चा आमच्या शास्त्रांत आहे. ती शिकवताना दरवर्षी मागच्या बाकावर कुणीतरी झोपत असे. त्या मुलांना या गॅरेजात आणायला हवं होतं. पडद्यावरच्या एका आकड्यात ती सगळी चर्चा उभी होती, आणि तिला ग्रीसचा वास येत होता.

पण बाई खूष झाल्या होत्या वेगळ्याच कारणाने. हवेच्या सेन्सरची तार काढली आणि गारठलं पाणी. म्हणजे पाण्याची तार हवेला लागली होती आणि हवेची पाण्याला. दोन्ही तारांच्या टोकांचे खटके सारखे, एकाच आईची लेकरं, शेजारी शेजारी. दोघंही सेन्सर पंधरा दिवस अगदी इमानाने खरं तेच सांगत होते. फक्त एकाचं खरं दुसऱ्याच्या नावावर जमा होत होतं. पाणी खरंच एक्याण्णव होतं. हवा खरंच चौतीस होती. आणि इंजिनाला वाटत होतं, आपण अजून सकाळचेच गार आहोत, म्हणून ते बिचारं जास्त जास्त पेट्रोल पीत होतं.

बाई बॉनेटमधून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, “सर, हे आपोआप होत नाही. कुणी केलं?”

मी धूळ, उंदीर आणि रस्त्यावरचे खड्डे या तीन शक्यतांचा विचार करत होतो, तेवढ्यात शेजारच्या सीटवरून तुमची बहीण शांतपणे म्हणाली, “टूथब्रशनं. निळ्या. माझ्या.”

तेव्हा कबुली. पंधरा दिवसांपूर्वी एका संध्याकाळी मी इंजिन घासून लख्ख केलं होतं. खटके काढून, पुसून, परत लावून. ब्रश जुना आहे असा माझा समज होता. जिथे धूर तिथे अग्नी, हे मी सव्वीस वर्षं शिकवलं. जिथे धूर तिथे टूथब्रश, हे कुठल्याच ग्रंथात नव्हतं.

बाई हसल्या, पण लगेच थांबल्या. म्हणाल्या, “गंमत नाही सर. पाण्याचा खरा आकडा कळत नव्हता, म्हणून पंखाही लागत नव्हता. गुरुवारी तो तासाभराचा चढ चढला असता ना, तर आत सगळं उकळलं असतं. आणि काट्यानं तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं असतं, ठीक आहे, ठीक आहे.” मग खटके अदलाबदल करून लावले. मी पडद्याकडे पाहत होतो. पाणी त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव, आणि पुढे कुठेतरी तो पंखा आपोआप घरघरून सुरू झाला. कुणी सांगितलं नाही, बटण दाबलं नाही. अंगठ्याएवढ्या एका पितळी बोंडाचं म्हणणं योग्य ठिकाणी पोचलं, एवढंच झालं. मी चांगल्या चांगल्या सभांना गेलो आहे, पण इतक्या आदराने मी कुणाचं भाषण ऐकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी बोललो नाही. (तुमच्या बहिणीने पुन्हा वेळ लावली. अकरा मिनिटं. विक्रम आहे.) आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचं रक्त एकाच सकाळी, एकाच खुर्चीत, एकापाठोपाठ काढलं होतं. आडनाव एकच. नळ्या सारख्या, एकाच आईची लेकरं. मी दोन मजले चढलो की कठड्याला धरून निसर्गशोभा पाहतो, आणि माझे आकडे तिशीतल्या पहिलवानाचे. तुमची बहीण चार मजले पिशव्या घेऊन चढते, आणि तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी असाव्यात त्याच्या चौपट. डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, की असा आकडा आणि अशी तब्येत यांचा मेळ बसत नाही, परत मोजू. मी गाडी बाजूला घेऊन तिला समजावून सांगितलं. कुणाचंच खोटं नाही. फक्त तिच्या नावावर माझं जमा झालंय. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की मी हसत होतो.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “म्हणजे तो आकडा तुमचा निघावा, असं तुम्हाला वाटतंय?”

मी म्हणालो, हो.

“त्यात एवढं खूष व्हायचं?”

मी म्हणालो, हो. यावर तिने खिडकीची काच खाली केली, हवा आत घेतली, फोनवर पाहून तेहेतीस म्हणाली आणि मला गाडी चालवायला सांगितलं.

असो. गाडी आता उत्तम आहे, वास नाही, धूर नाही. स्कॅनरबद्दल आपले शतशः आभार. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

आपला,
भावोजी

ता. क. सुरुवातीची तक्रार मी अंशतः मागे घेतो. हिने भिंग घेऊन ती पुस्तिका पूर्ण वाचली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलंय: आकडे अशक्य वाटल्यास प्रथम जोडण्या तपासाव्यात. निषेधांना कंटाळून मी नवव्या पानावर थांबलो होतो.

ता. क. २. बुधवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही इथे यावं, ही विनंती आहे. गुरुवारी गाडी तुम्ही चालवा. ती ठणठणीत आहे, पण माझं लक्ष सध्या रस्त्यापेक्षा शेजारच्या सीटवर असतं. हिला सांगताना स्कॅनर बघायला आलो असं सांगा. ती विश्वास ठेवणार नाही, पण तिला बरं वाटेल.

ता. क. ३. इंजिन घासलं ती संध्याकाळ रिपोर्ट आला त्याच दिवसाची. मला घरात बसवेना, आणि हातांना काहीतरी हवं होतं. ही दीड तास खिडकीत उभी राहून बघत होती, ब्रश तिचा आहे हे दिसत असूनही तिने हाक मारली नाही, हे मला गॅरेजात कळलं.

ता. क. ४. आज मी एकटाच लॅबमध्ये जाऊन आलो. तिथल्या मुलीने पद्धत सांगितली. रक्त काढायच्या आधीच नळीवर चिठ्ठी लावतात आणि आपल्याकडून आपलं पूर्ण नाव मोठ्याने वाचून घेतात. मला आठवलं. मी वाचलं होतं, उच्चारही सुधारून दिला होता. नंतर हिने तिचं वाचलं होतं. गाडीतल्या तारा मी बदलल्या होत्या, म्हणून त्या बदललेल्या निघाल्या. तिथे कुणी काही बदललं नव्हतं.

दादा, मला भीती वाटते. तो आकडा तिचाच आहे.